चारचौघांत धूर न करणारी शेगडी

या, असे जवळ सरका. मागच्यांनीही पुढे या. गोष्ट ऐकायची तर एकमेकांचा श्वास ऐकू येईल इतकं जवळ बसावं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पाय खुशाल लांब करा, इथे कोणी कोणाचे पाय मोजत नाही. आज देवादिकांचं आख्यान नाही, राजा-राणी नाही, राक्षसही नाही. एक निवृत्त नकाशेवाला आहे आणि एक लोखंडी शेगडी आहे. एवढ्याशा भांडवलावर काय रंग भरणार, असं कोणाच्या मनात आलं असेल तर त्यांना एवढाच शब्द देऊन ठेवतो, की उठून जाताना काहीतरी बरोबर न्याल.

तर या नकाशेवाल्यांना सगळी गल्ली काका म्हणत असे. पाणीपुरवठा खात्यात बसून त्यांनी जन्मभर जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढले. कुठल्या रस्त्याखाली कुठला नळ किती खोल, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. जमिनीच्या वर काय चाललं आहे याच्याशी मात्र त्यांचा फारसा संबंध आला नाही. समोरच्या माणसाच्या मनात काय आहे, हे त्याने स्वतः नकाशा काढून हातात दिला तरी काकांना कळलं नसतं. पाठीमागे लोक त्यांना फूटपट्टी म्हणत. काकांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ते त्यांना आवडत असे.

आणि काकू घरात नव्हत्या. म्हणजे होत्या, देवाच्या दयेने ठणठणीत होत्या, पण घरात नव्हत्या. त्यांची थोरली बहीण, जिला सगळे ताई म्हणत, दूरच्या एका शहरात एकटी राहत असे. तिने लग्न केलं नाही, नोकरी केली, आणि म्हातारपणी पडदे लावायला म्हणून स्टुलावर चढली ती खुब्याचं हाड मोडूनच खाली आली. काकू तिच्याकडे चार दिवसांसाठी म्हणून गेल्या, तेव्हा उन्हाळा सरत होता. आता झाडं उघडी पडली होती, बोलताना लोकांच्या तोंडातून वाफ निघत होती, आणि काकूंचे चार दिवस काही संपत नव्हते.

काकांना बायकोची फार आठवण येत होती. बघा, हे वाक्य मी किती सहज बोलून गेलो. काकांना ते असं बोलता आलं असतं तर ही गोष्टच घडली नसती.

रोज संध्याकाळी फोन होत असे. काका सांगत, स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर बदलला. खिडकीतलं रोप बोटभर वाढलं. जिन्याची तिसरी पायरी हलत होती, ती ठोकून घेतली. ज्याच्या अंगी कविता असते तो चंद्र-चांदण्यांवर बोलतो, काका वॉशरवर बोलत, भाव तोच. एकदा भीड चेपून ते म्हणाले की तुझ्या बाजूची उशी आज उन्हात घातली होती. त्यांच्या हिशेबी हे जवळजवळ निर्लज्जपणाचं बोलणं होतं. ते बोलून झाल्यावर त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या आणि त्यांनी घाईघाईने वॉशरचा विषय पुन्हा काढला.

अशाच एका संध्याकाळी काकू सहज म्हणाल्या की आपल्या घरची थंडी यंदा माझ्या गुडघ्यांना सोसेल असं वाटत नाही हो, इथे ताईची खोली कशी छान उबदार आहे.

झालं. काकांनी फोन ठेवला आणि खोलीच्या मधोमध उभं राहून चारी भिंतींकडे अशा नजरेने पाहिलं, की भिंतींना अंग असतं तर त्या ते चोरून उभ्या राहिल्या असत्या. माणूस हतबल झाला की देवाकडे वळतो. काका मोजपट्टीकडे वळले.

आधी त्यांनी थंडी घरात शिरते कुठून याचा शोध लावला. पेटती मेणबत्ती हातात धरून ते खिडक्यांच्या कडेकडेने फिरले. जिथे ज्योत थरथरली तिथे खडूने खूण केली. मग फटीत लांबी, म्हणजे काचा बसवायचा तो लगदा, भरली, लांबीवर कागद चिकटवला, कागदावर नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी ठोकली. जुना वाऱ्याचा झरोका होता, तो बुजवला. कुलपाच्या भोकावर चामड्याची टिकली बसवली. बाहेरच्या दाराच्या चौकटीला चारी बाजूंनी अशी जाड पट्टी मारली की दार नुसतं ढकलून लागेना. त्याला खांदा द्यावा लागे, आणि मग ते एखाद्या जड पुस्तकासारखं धप्प करून मिटे. शेवटी पुन्हा मेणबत्ती घेऊन फेरी झाली. ज्योत जागची हलली नाही. ध्यानाला बसलेल्या योग्यासारखी सरळ उभी. काकांना गहिवरून आलं.

पण वाटा अडवून ऊब येत नाही, ती आणावी लागते. एक खाणावळ बंद पडली होती, तिथून काकांनी लाकडावरची लोखंडी शेगडी उचलली. चार वाकडे पाय, समोर काचेचं दार, बाजूला हवेची झडप, मागे धुराड्याला जोडायचा वाकड्या नळीचा कोपर. दिसायला अशी, जणू एखाद्या बड्या घरची आजारी म्हातारी हवापालटासाठी आली आहे. भिंतीतलं जुनं धुराडं उघडून काकांनी तिला जागेवर बसवलं. पातळी बघायची बुडबुड्याची नळी लावून पाहिली. बुडबुडा बरोबर मध्ये. मग दार खांद्याने लावून घेतलं, काडी ओढली, आणि हात जोडले नाहीत एवढंच.

शेगडीने क्षणभर विचार केला. मग धूर वर जायचा सोडून जिथून म्हणून वाट मिळाली तिथून खोलीत आला. दारातून आला, झडपेतून आला, कोपराच्या सांध्यातून आला. काकांनी पुस्तकी शिस्तीप्रमाणे आधी झडप बंद केली, मग दार उघडून ते जिन्यात जाऊन खोकत उभे राहिले. धूर विरल्यावर आत आले तेव्हा शेगडी विझून थंडगार पडली होती आणि तिची काच काळीकुट्ट झाली होती.

त्या संध्याकाळी फोनवर काकूंनी विचारलं, काय नवीन? काका म्हणाले, लाकडाची शेगडी आणली आहे. छान पेटते. घर अगदी भट्टीसारखं झालंय.

आता काका खोटं का बोलले, हा प्रश्न विचारणारे तुम्ही पहिले नाही. काकूंची छाती नाजूक. शेजारच्या खोलीत काडी ओढून विझवली तरी त्यांना ठसका लागे. धूर होतो असं कळलं असतं तर त्यांचं येणं वसंतावरच गेलं असतं. काकांनी मनाशी ठरवलं, हे खोटं नाहीच, फक्त थोडं आधी बोललं गेलेलं खरं आहे. शेगडी दुरुस्त झाली की दोन्ही जुळतील.

आणि मग गल्लीला कळलं. माणसाचं दुःख गल्लीला उशिरा कळतं, पण धूर लगेच कळतो.

पहिले आले कोपऱ्यावरचे बेकरीवाले. जन्मभर लाकडाची भट्टी पेटवलेला माणूस. भुवया नावापुरत्या उरलेल्या. त्यांनी आल्या आल्या दोन ओंडके एकमेकांवर आपटून कानाशी नेले, वैद्य नाडी बघतो तसे डोळे मिटले, आणि लाकूड ओलं आहे असं सांगितलं. सुकं लाकूड घंटेसारखं वाजतं, हे चपलेसारखं वाजतंय. ते स्वतःच्या भट्टीशेजारी वाळवलेला भारा घेऊन आले, शेगडी पेटवली, आणि काय सांगू, ज्वाळा अशी उठली की काका बघतच राहिले. सोनेरी, शांत, धुराचा धागा नाही. दोघं तिच्यासमोर बराच वेळ बसले. बेकरीवाल्यांनी आपल्या पाठदुखीची सगळी कथा सांगितली. जाताना म्हणाले, बघा, रोग लाकडात होता.

काकांनी त्यांना पायरीपर्यंत पोचवलं, परत येऊन खांदा देऊन दार लावलं, हातावर हात चोळत खुर्चीत बसले. शेगडीने एक उचकी दिली आणि खोली धुराने भरून टाकली.

दुसऱ्या दिवशी समोरची शिंपीण आली. ती म्हणाली, काका, तुम्ही लाकडाच्या नादी लागू नका, हे शिवणाचं काम आहे. शेगडीच्या काचेच्या दाराला जी न जळणाऱ्या धाग्याची दोरी असते ती झिजली की दार नीट बसत नाही. तिने कागदाचा कपटा दारात धरून दार लावलं आणि कपटा ओढला. तो लोण्यातून सुरी निघावी तसा सुटून आला. काकांना हा प्रयोग फार आवडला. जाड दोरी आणून शिंपिणीने ती खाचेत अशी बसवली की कपटा फाटला पण सुटला नाही. शेगडी पेटवली. पुन्हा तीच सोनेरी ज्वाळा, तीच शांतता. शिंपीण आपलं टाचायचं काम घेऊन बसली आणि सुनेच्या स्वभावाबद्दल बोलत राहिली. ती गेली. काकांनी दार लावलं. धूर.

मग धुराडी साफ करणारा आला, आणि त्याला धुराड्यात खरोखरच एका पाखराचं सोडून दिलेलं घरटं सापडलं, शिवाय डांबरासारखी चिकट काजळी निघाली ती वेगळी. काकांना वाटलं, संपलं सगळं. त्यांनी त्याला बसवून घेतलं, चहा दिला. शेगडी लहान मुलासारखी हसत होती. तो गेल्यावर काय झालं हे मी सांगायला नको.

इथे तुमच्यापैकी काही चाणाक्ष मंडळींच्या ओठावर उत्तर आलेलं मला दिसतंय. थोडा धीर धरा. बाहेरून बघणाऱ्याला सगळंच दिसतं. काकांच्या बाजूने विचार करा. त्यांनी दाराला ती जाड पट्टी मारलेली. येणारा माणूस दार आपलं हलकेच लोटून आत येई आणि ते वितभर उघडंच राही. आता आलेल्या पाहुण्याच्या पाठीमागे उठून, खांदा लावून, धप्प करून दार लावायचं, म्हणजे त्याला वाटायचं काय? की हा मला कोंडतोय, किंवा परत कधी येऊ नको म्हणतोय. काका सभ्य गृहस्थ. पाहुणा असेपर्यंत ते त्या दाराकडे बघतही नसत. पाठीला गार वारा लागे, तो सोशीत बसत. आणि पाहुणा गेला रे गेला, की काकूंच्या गुडघ्यांची आठवण येऊन दार घट्ट.

मोजमाप करणाऱ्या माणसाची गंमत अशी, की ज्या वस्तूचा त्याला अभिमान असतो तिच्यावर तो पट्टी ठेवत नाही.

काकांनी आता वेगळाच निष्कर्ष काढला. धुराडं बुटकं आहे. शेजारच्या छपरावरून वारा उसळतो आणि धूर खाली दाबतो. धुराडं हातभर उंच करायला हवं. पण छप्पर सामाईक, त्यामुळे नगरपालिकेची परवानगी हवी; आणि परवानगी मिळायची तर धूर विभागाच्या निरीक्षकाने जागेवर येऊन धूर प्रत्यक्ष पाहिला पाहिजे. नगरपालिकेच्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, धूर घरात होतो की बाहेर? काका म्हणाले, घरात. बाई म्हणाल्या, मग तो आमच्याकडे येत नाही, आमच्याकडे फक्त बाहेरचा. काकांनी त्यांना समजावलं की घरातला धूर दार उघडलं की बाहेरच येतो. बाईंना हे पटलं, पण मग त्या म्हणाल्या, की दार उघडून धूर मुद्दाम रस्त्यावर सोडणं हा गुन्हा आहे. चार फेऱ्या झाल्या तेव्हा कुठे निरीक्षक आले.

कडक इस्त्रीचे साहेब होते. दारातून आत येताना ते बुटांना चिखल आहे का बघत उंबऱ्यापाशी थांबले आणि तिथेच खुर्ची मागून बसले. काका म्हणाले, आत या ना. साहेब म्हणाले, इथे बरं आहे, सगळं दिसतं. दार त्यांच्या पाठीशी सताड उघडं. काकांनी शेगडी पेटवली. मुद्दाम ओलं लाकूड घातलं. मग आणखी ओलं घातलं. शेवटी स्वयंपाकघरातलं भिजकं फडकं टाकायचा मोह झाला, तो आवरला. शेगडी फुरफुरली, कुरकुरली, आणि जे काही तिच्या पोटात टाकलं ते सगळं निमूटपणे वर घेऊन गेली. साहेबांनी काकांकडे पाहिलं, शेगडीकडे पाहिलं, आणि जराशा मऊ आवाजात विचारलं की घरात आणखी कोणी नसतं का? काका म्हणाले, मंडळी बाहेरगावी आहेत. साहेबांनी मान डोलावली. जाताना त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. कागदावर लिहून गेले, जागेवर पाहिलं, दोष आढळला नाही.

हेच वाक्य काकांनी नोकरीत असताना कितीतरी गळक्या नळांबद्दल लिहिलं होतं. तेव्हा ते किती नेटकं दिसायचं. आज ते खोलीत एकटंच घुमत राहिलं. काकांनी दार लावलं, आणि डोळ्यांतून पाणी आलं ते धुराचंच होतं असं धरून चालू.

त्यानंतर एक विचित्र गोष्ट सुरू झाली. रोज संध्याकाळी कोणी ना कोणी काकांकडे डोकावू लागलं. बेकरीवाले सहज म्हणून येत. शिंपीण टाचायचं काम घेऊन येई. धुराडी साफ करणाराही एकदा, इकडून चाललो होतो, म्हणून येऊन बसून गेला. काका मनात म्हणत, लोकांना आपल्या शेगडीचं भारी कुतूहल आहे. आणि ती निर्लज्ज शेगडी प्रत्येकासमोर अशी नटून-थटून पेटे, की काकांनी धुराचं नाव काढलं तर समोरचा प्रेमाने म्हणे, असेल हो, असेल.

एके संध्याकाळी शिंपीण बसलेली असतानाच बेकरीवाले आले आणि उंबऱ्यातच थबकले. शिंपीण त्यांना दबक्या आवाजात म्हणाली की आज तुमची पाळी नाही, तुमची उद्या. बेकरीवाले म्हणाले, उद्या माझी भट्टी मोठी आहे, म्हणून तर आज आलो, तुला निरोप धाडला होता. ती म्हणाली, निरोप मला मिळाला नाही. ते म्हणाले, मग तो सुनेने ठेवून घेतला असेल. हे सगळं काकांच्या समोर, जणू काका म्हणजे बाळंतिणीच्या खोलीतलं झोपलेलं मूल.

गल्लीला आपल्याबद्दल काय वाटतं, हे काकांना एकदम कळलं. आपण एकटे पडलो आहोत. धुराचा बहाणा करून माणसं जमवतो आहोत. गल्लीने दया येऊन पाळ्या लावल्या आहेत. ते उठून उभे राहिले, कोटाची बटणं लावली, आणि सरकारी कागदावर शोभेल अशा भाषेत दोघांना सांगितलं, की त्यांच्या घरात धूर होतो ही वस्तुस्थिती आहे, आणि सोबतीची त्यांना कोणत्याही प्रकारची टंचाई नाही. त्यांच्या पाठीमागे शेगडी सोन्यासारखी तेवत होती.

शिंपिणीने आपलं टाचायचं काम आवरलं. पण मनाची चांगली बाई. घरी गेली आणि तिने काकूंना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांचा फोन वाजला. ही फोनची वेळ नव्हती. काकांनी धावत जाऊन तो उचलला. दार नेहमीप्रमाणे घट्ट लावलेलं, शेगडी नुकतीच पेटवलेली, धूर हळूहळू जमायला लागलेला.

"शिंपीणबाईंचा फोन होता," काकू म्हणाल्या. "मला रोज सांगता शेगडी छान पेटते. त्यांना सांगता धूर होतो. त्या म्हणतात धूर-बीर काही नाही, तुम्हाला करमत नाही. आता खरं काय ते मला सांगा."

काकांना ठसका लागला.

"धूर होतो," ते म्हणाले.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू आली नसतीस."

"आणि छान पेटते म्हटलं की मी येणार होते?"

"असं वाटलं होतं." काकांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "तू यावीस असं वाटतं गं. रोज वाटतं."

आणि मंडळी, यानंतर त्यांनी वॉशरचा विषय काढला नाही.

पलीकडे कोणीतरी नाक ओढल्यासारखा आवाज आला. मग काकूंनी आपला नेहमीचा घरातला आवाज काढला आणि विचारायला सुरुवात केली. धूर नेमका कधी होतो? काका म्हणाले, लोक गेले की. लोक असताना एकदाही होत नाही? एकदाही नाही. लोक जातात तेव्हा तुम्ही काय करता? दार लावतो. कसं लावता? काकांनी जरा अभिमानाने पट्टी, खांदा आणि धप्प यांचं वर्णन केलं. आणि खिडक्या? मग लांबी, कागद आणि नमदा आला. झरोका? बुजवला. कुलपाचं भोक? चामड्याची टिकली.

"हे सगळं कशाला?"

"तुझ्या गुडघ्यांसाठी."

"अहो," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज हसू आणि रडू यांच्यामध्ये कुठेतरी अडकला होता, "धूर वर जायचा तर घरात बाहेरून हवा नको का यायला? तोंड-नाक दाबून धरलंत बिचारीचं. जा बघू, दार उघडा जरा."

काकांनी फोन तसाच धरून, वायर ताणत, दार वितभर उघडलं. थंड वारा पायांवरून आत गेला. शेगडीने एक दीर्घ श्वास घेतला, तिच्या पोटात भुर्र झालं, आणि खोलीत लोंबकळत असलेला धूर आपली चूक कळल्यासारखा मागे वळून आत शिरू लागला. देवाने माणसाला दोन नाकपुड्या दिल्या त्या उगीच नाहीत.

"पेटली," काका म्हणाले. "अगं, पेटली. एकटा असताना पेटली. झरोका पुन्हा उघडतो, तेवढ्याने भागेल. आता येशील?"

या थंडीत नाही जमायचं, असं काकूंनी सांगितलं. ताईला उठायला-बसायला हात लागतो. संध्याकाळ झाली की ती घाबरते. काठी घेऊन दोन पावलं टाकते आणि मग मागे वळून बघते, मी आहे की नाही. तिला सोडून येणं माझ्याने होणार नाही.

"बरं," काका म्हणाले. एवढंच म्हणाले. त्या एका शब्दासाठी त्यांनी किती जोर लावला हे कोणाला मोजता आलं नसतं.

तेवढ्यात फोनमध्ये मागून एक म्हातारा, खणखणीत आवाज आला. "त्यांना विचार गं, येतायत का ते."

"ऐकलंत?" काकू म्हणाल्या. "रोज विचारते. जिन्यावर पाऊल वाजलं की म्हणते, बघ गं, तुझा माणूस आला का."

"मला कोणी बोलावलं कुठे?"

"तुम्हाला बोलवायला हवं होतं?"

"मेहुणीच्या घरी," काका म्हणाले, "बोलावल्याशिवाय जाऊन राहायचं, म्हणजे बरं दिसत नाही."

काकूंनी एक मोठा उसासा टाकला. "त्या दिवशी थंडीचं मी कशाला बोलले होते? वाटलं, आता तरी तुम्ही म्हणाल, राहू दे तू तिथेच, मीच येतो. महिनोन्महिने बघतेय वाट, हा माणूस स्वतःहून कधी म्हणतो. आणि तुम्ही शेगडी आणलीत."

काकांनी शेगडीकडे पाहिलं. कधी नव्हे ते तिनेच नजर चुकवली असं त्यांना वाटलं.

मग मात्र त्यांनी वेळ लावला नाही. एक बॅग भरली. किल्ली शिंपिणीकडे दिली आणि तिला झरोक्याबद्दल सगळं समजावलं. ती म्हणाली, म्हणजे धूर खरंच होत होता? काका म्हणाले, होत होता. तिने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि आपण त्यांना लागेल असं वागलो, असं काहीतरी ती पुटपुटली. काकांनी तिला म्हटलं की संध्याकाळी इथे येऊन बसत जा, बेकरीवाल्यांनाही बोलव, शेगडी उगाच थंड पडायला नको. बेकरीवाल्यांनी वाटेत खायला गरम पावाची पुडी दिली आणि थंडीत कोरड्या लाकडाचं महत्त्व पुन्हा एकदा सांगितलं, कारण तेवढ्यापुरते ते चुकलेले नव्हते.

गाडीत काका खिडकीशी बसून मनात वाक्यं जुळवत होते. भेटल्याबरोबर काय बोलायचं, हे ठरलेलं बरं. एक वाक्य त्यांना जमलं, दुसरं जमलं, तिसऱ्यात वॉशर आला म्हणून तिन्ही टाकून द्यावी लागली.

ताईच्या घराचा जिना अरुंद आणि उंच होता. काका सावकाश चढले. शेवटच्या वळणावर असताना दारापलीकडून आवाज आला, "बघ गं, कोण आलं."

बेल वाजवायची वेळच आली नाही. काकूंनी दार उघडलं. थोड्या वाळल्या होत्या. केस नीट विंचरलेले, पण घाईने. एक बट कानामागे राहिली नव्हती. काकांनी बॅग खाली ठेवली. काकू एक पाऊल पुढे आल्या, त्यांच्या कोटाच्या छातीवर नाक टेकवलं आणि त्यांना जोराचा ठसका लागला.

"अगं बाई, केवढा हो धुराचा वास."

"आता तरी पटलं?" काका म्हणाले.

काकूंनी डोळे पुसले. तो धूर होता की काय, हे मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. आतून ताईने विचारलं की आले का, आणि काकूंनी मान मागे न वळवता सांगितलं, "हो गं ताई, आले."

असे ते तिघं त्या उबदार खोलीत हिवाळाभर राहिले. काकांनी पहिल्याच आठवड्यात ताईच्या न्हाणीघरातला वॉशर बदलला आणि तिच्या पलंगापासून दारापर्यंत धरून चालायला एक दांडी भिंतीला बसवली, अगदी पातळी लावून. काकू संध्याकाळी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसत. दोघं फार काही बोलत नसत. इतकं बोलून झालेलं होतं.

आणि तरीही, मंडळी, जिन्यावर कोणाचं पाऊल वाजलं, खालच्या मजल्यावरचा भाडेकरू असो की दूधवाला, की पलंगावरून आवाज यायचा, बघ गं, कोण आलं. काकू आणि काका एकमेकांकडे पाहत. ताईकडे येण्यासारखं जे कोणी होतं ते सगळं येऊन तिच्या समोर बसलेलं होतं. काकू उठून दारापर्यंत जायच्या, बघून यायच्या, आणि म्हणायच्या, आपल्याकडचं नव्हतं गं. ताई म्हणायची, बरं, आणि पुन्हा जिन्याकडे कान लावून पडायची.

काका-काकूंचं आता बरं चाललं आहे, त्यांची काळजी करू नका. पण आज इथून उठून घरी जाल, आपापले जिने चढाल, पायरीवर तुमचं पाऊल वाजेल, तेव्हा एवढं माझ्यासाठी करा. त्या ताईची आठवण ठेवा.